चिमूट मॅडम

काही माणसांच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. आमच्या रेणुका मॅडमच्या बोटांना होती. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट सारखी एकमेकांवर घासत राहायची, चिमटीत कशाची तरी पूड धरल्यासारखी. आणि बहुतेक वेळा धरलेली असायचीच. मीठ, कणीक, टेबलावरची धूळ, बसच्या खिडकीतली माती, जे हाताला लागेल ते. देवळात पुजाऱ्यानं अंगारा दिला की लोक कपाळाला लावतात. ह्या आधी घासून बघायच्या, "मऊ आहे" म्हणायच्या, मग लावायच्या.

कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं चिमूट मॅडम. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एक नवा ड्रायव्हर "रेणुका मॅडम कोण?" असं विचारत लॅबच्या दारात आला, तर ह्या मान वर न करता म्हणाल्या, "रेणुका नाई इथी. चिमूट आहे, चालेल का?" तो बिचारा चलान हातात धरून तसाच उभा.

आता त्या गुजरातेत कुठेतरी असतात असं ऐकते. त्यांचा नंबर बदलला, माझाही बदलला. कधीमधी वाटतं शोधावं. पण सापडल्या तर तब्येत वगैरे विचारणार नाहीत, पहिलं विचारतील, "मावशी, बोअरचं पाणी आता कसं लागते, जड झालं का?" आणि मग तासभर पाण्यावरच.

मी त्यांच्या हाताखाली होते, पण वयानं त्यांच्या आईएवढी. आमचं घर विणकराचं, उमरेडचं. माग बसले, घरचे वाडीला एका गोदामात लागले, आणि मी वाडीच्या पुढच्या ह्या लहानशा कारखान्यात. लोक म्हणायचे चिनी मातीचा कारखाना, पण तिथे कपबशी एक होत नव्हती. एका पांढऱ्या पुडीच्या जाड वड्या व्हायच्या, तळहाताएवढ्या. वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळतात आणि गरम हवेनं पायपातून फुंकतात. ते पीठ लोखंडाला खाते. पाइप सरळ असला तर थोडं, वळणावर फार. म्हणून वळणाला आतून ह्या वड्यांचं अस्तर लावतात, की खायचं तर हिला खा. माझं काम लॅबमध्ये. वडीचा तुकडा कापायचा, घासून घासून आरशासारखा करायचा आणि मॅडमच्या दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, ठेवायचा.

पहिल्याच दिवशी त्या मला सगळं दाखवत फिरल्या. फिरल्या म्हणजे पळाल्याच, मी मागे मागे. पूड नुसती दाबली तर विस्कटते, म्हणून तिच्यात एक डिंकासारखं काही घालतात, ते वडीला भट्टीत जाईपर्यंत धरून ठेवते आणि भट्टीत जळून जाते. मी सहज म्हटलं, "म्हणजे खळ."

मॅडम थांबल्या. "काय म्हटलं?"

"खळ. ताण्याच्या सुताला लावतो ना आम्ही, भाताची. विणेपर्यंत सूत धरून ठेवते, मग धुतली की गेली."

झालं. दाबाच्या मशीनजवळ, एवढ्या खडखडाटात, मला उभं करून प्रश्न. कोणत्या तांदळाची? पातळ की घट्ट? पावसाळ्यात बदलता का? जास्त झाली तर काय होते?

"सूत तुटते," मी म्हटलं.

"आन कमी झाली तर?"

"तरी तुटते."

मॅडम मोठ्यानं हसल्या आणि तेव्हापासून कारखान्यात त्या डिंकाला सगळे खळच म्हणायला लागले. साहेबसुद्धा. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक.

मॅडमना माणूस भेटलं की "काय टाकलं?" हा प्रश्न आधी यायचा, नमस्कार मागून. नाक्यावरच्या चहावाल्याला, "आज काय टाकलं गा? कालच्यापेक्षा घट्ट आहे." तो म्हणायचा, "काई नाई मॅडम, दूध उकळलं जास्त." "खोटं नको बोलू, आरारूट आहे." माझ्या डब्यातला सावजी रस्सा त्यांनी एकदा चाखला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना एकेक मसाला ओळखत बसल्या. खसखस ओळखली, जवस ओळखले, दगडफूल काही ओळखता येईना. जेवण राहिलं तसंच. शेवटी मी नाव सांगितलं तर रागावल्या, "काहून सांगितलं? मी काढून राहिली होती ना."

जेवायच्या त्या उभ्यानंच. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात एखादी फुटकी वडी. काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी, वडलांची संत्र्याची बाग, वाडीला एका खोलीत एकटी राहायची. आईचा फोन आला की लॅबच्या बाहेर ट्रकांच्या रांगेतून इकडून तिकडे चालत बोलायच्या. स्थळांच्या गोष्टी असायच्या. एकदा एक मुलगा बघून आल्या. मी विचारलं कसा होता. म्हणाल्या, "चांगला आहे मावशी. पण तो एकटाच बोलून राहिला, त्याची आई गप्प, बहीण गप्प. पूर्ण लेआउट त्यानंच गिळलं."

हे लेआउट काय, ते सांगायला पाहिजे. त्या कारखान्यातलं मला जे थोडंबहुत समजलं ते एवढंच आहे, आणि ते त्यांनी मला दुर्बिणीतून दाखवलं.

मी घासलेला पहिला नमुना त्यांनी भट्टीत थोडा तापवून आणला, दुर्बिणीखाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाहा. काय दिसते?"

मी डोळा लावला. बारीक बारीक तुकडे, एकाला एक लागून, मधून रेघा. आपल्याकडे शहराबाहेर शेत विकलं की त्याचे प्लॉट पाडतात ना, तसं.

"लेआउट पाडल्यावाणी दिसते," मी म्हटलं.

"बस. तेच." आणि त्या टेबलाभोवती चालायला लागल्या. सांगायच्या तेव्हा एका जागी उभ्या नसायच्याच. "भट्टीत पूड वितळत नाई, मावशी. सोळाशे अंशाच्या वर गेली तरी नाई. दाणे एकमेकांना चिकटतात, आवळतात, वडी लहान होते. मधातली भोकं काठाकाठानं बाहेर निघून जातात. इथपर्यंत ठीक. मग एखादा दाणा माजते. शेजाऱ्याचा प्लॉट गिळते, त्याच्या शेजाऱ्याचा गिळते. आन गिळताना काठावरचं भोक त्याच्या पोटात राहून जाते. पोटातलं भोक मग निघत नाई, कितीही तापवा. तिथूनच वडी तडकते."

"मग?"

"मग ही." त्यांनी फळीवरचा एक पांढरा प्लास्टिकचा डबा काढला आणि चिमटीत पूड घेऊन माझ्या बोटांवर सोडली. टाल्कम पावडरवाणी, हलकी, हाताला कळेना. "मॅग्नेशिया. पोतंभर पुडीत इतकीशी. ही कुंपण धरून ठेवते. सगळे वाढतात, पण हळू, आन कोणी कोणाचं गिळत नाई."

"जास्त टाकली तर अजून चांगलं होईल?"

"नाई. जास्त झाली की तीच कोपऱ्याकोपऱ्यात अड्डे करून बसते. पहारेकरी दोन ठीक, गल्लीभर झाले की तेच उपद्रव."

साहेबांना एकदा वाटलं, गॅस फार जळतो. कोणीतरी त्यांना सांगितलं की अमुक एक पूड टाका, भट्टी कमी तापवून भागते. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. करून बघितलं. वड्या खरंच कमी आचेवर घट्ट झाल्या, रंगानं मात्र विटकरी. साहेब खूश. मॅडम म्हणाल्या, "साहेब, थंड्या जागी लावणार असाल तर ह्याच करा. गरम जागी ह्या ढिल्या पडतील, दाण्यांच्या मधात काचेसारखं काही झालं आहे. कुठी लावणार ते सांगा, मग काय टाकायचं ते सांगते." साहेब म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात की आचारी?" "दोन्ही नाई. चुगलखोर आहे. आत काय झालं ते बाहेर सांगते."

एका रविवारी मला सदरच्या बाजारात घेऊन गेल्या, भावाच्या लग्नात द्यायला कपांचा सेट घ्यायचा होता. दुकानात शिरल्या आणि एकेक कप उचलून नखानं टिचकी मारत, कानाशी धरत पूर्ण मांडणी संपवली. दुकानदार आधी हसत होता, मग हसेना. "मॅडम, कप लेना है या तबला बजाना है?" मॅडमनं एक कप वेगळा काढला. "हा द्या." मी म्हटलं सेट? "सेट नाई, हा एकच. ह्याचा आवाज फुटका आहे, पण तडा दिसून नाई राहिला." पैसे दिले आणि तिथेच पायरीवर हातोडी मागितली. दुकानदारानं कपाळाला हात लावला. कप फोडला तर आत, दांड्याच्या मुळाशी, तांदळाएवढी पोकळी होती. ती त्याला दाखवल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. लग्नात शेवटी साडी दिली.

अशी बाई. म्हणून पुढे जे झालं ते त्यांच्याच हातून व्हावं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं झाडून पुसून, फळ्या रिकाम्या करून परत लावायच्या. नवमीला सकाळी पूड दळायच्या फिरत्या पिंपाला, म्हणजे गिरणीला, दाबाच्या मशीनला, भट्टीला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आमच्याकडे दाबाच्या मशीनवर सुनीता म्हणून मुलगी होती, रांगोळीचा हात असा की पाय ठेवायला जीव होऊ नये. तिनं गिरणीसमोर मोर काढला होता. आणि पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायची नाही. तिचाही एक दिवस. माझ्या सासरी त्या दिवशी मागावरचा धोटासुद्धा उचलत नसत.

पण वीजकेंद्राची घाईची मागणी होती, वळणाच्या वड्यांची, दिवाळीआधी पाहिजे. मॅडमच्यानं बसवेना. गिरणीवरचा माणूस म्हणाला, "पूजा झाली मॅडम. आज मी हात नाई लावत." "नको लावू गा. मी लावते." मी पण म्हटलं, राहू द्या, उद्या करू. म्हणाल्या, "मावशी, उद्या फिरवली तर परवा दाबणं, मग वाळवणं, मग भट्टी. दिवाळी गेली." हात हळदीकुंकवानं माखलेले. पुडीला लागू नये म्हणून त्या दिवशी चमच्यानं काढलं सगळं, तोललं, गिरणीत टाकलं. हार काढून बटणावर अडकवला आणि गिरणी सुरू केली. पिंपावरचा कुंकवाचा टिळा गरगर फिरताना मला अजून दिसतो.

वड्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र. पाण्यात बुडवून तोलल्या, वजन बरोबर. नमुना घासायच्या आत ट्रक दारात लागला होता. साहेब म्हणाले, "वजन ठीक आहे ना? मग सोडा." मॅडमनं सोडल्या.

संक्रांतीच्या सुमारास वीजकेंद्रातला एक माणूस रुमालात बांधून कपच्या घेऊन आला. वळणावरून चार वड्यांच्या कडा निघाल्या होत्या. साहेब म्हणाले, चिकटवणाऱ्यांनी नीट चिकटवल्या नसतील. मॅडमनं त्याच खेपेच्या ठेवणीतल्या वड्या काढल्या, फोडल्या, मी घासल्या. दुर्बिणीला डोळा लावला आणि त्या बाजूला झाल्या. मी पाहिलं. लेआउट नव्हतंच. लांबट, आडवेतिडवे दाणे, एकमेकांत घुसलेले, वाडीच्या नाक्यावर ट्रक अडकतात तसे. आणि प्रत्येकाच्या पोटात काळी भोकं.

"बाकीच्या?" मी विचारलं. म्हणजे चार निघाल्या, बाकीच्या पायपात आहेत त्या.

"त्याच गिरणीतल्या आहेत, मावशी."

मग मॅडमचं जे झालं ते बघवत नव्हतं. हातातला पोळीचा घास हातातच वाळायचा. भट्टीचं तापमान तपासलं, पुडीची पोती उघडली, पाणी तपासलं, गिरणीतले गोळे धुऊन पाहिले. आधीची खेप बरोबर, नंतरची बरोबर, मधली ही एकच बिघडलेली. ज्याला त्याला विचारायच्या, "त्या दिवशी वेगळं काय झालं?" आणि ज्याचं त्याचं एकच उत्तर. पूजेची मशीन चालवली.

दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं. ह्यांनी काय केलं? "असंल तर असंल," म्हणाल्या, आणि लहान लहान वड्या केल्या. एकीत कुंकू, एकीत हळद, एकीत नारळाचं पाणी, एकीत झेंडूची पाकळी वाटून. भट्टीत भाजल्या, मी घासल्या. गिरणीवरचा माणूस नाराज झाला, म्हणाला, देवाची परीक्षा पाहून राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "देवाची नाई गा, माझी." त्या वड्यांत काहीच निघालं नाही. असे लांब दाणे कशातच नाहीत.

आणि मग त्या आठवड्यात कारखान्यातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं, जेवणाच्या खोलीत. सुनीता लॅबच्या दारात आली.

"मॅडम, माझा डबा आहे का इथी?"

"कोणता डबा?"

"रांगोळीचा. नवमीला उरली होती ना, तर इथच्या एका रिकाम्या डब्यात भरून ठेवली होती. फेकायची कायले, म्हटलं कामी येईल."

मॅडम उठल्या. फळीवर पुढे मॅग्नेशियाचा डबा. त्याच्या मागे, भिंतीला टेकून, दुसरा. तसाच पांढरा, तेच झाकण, त्याच्यावर मॅडमच्याच अक्षरात मॅग्नेशिया लिहिलेली जुनी चिठ्ठी. झाकण काढलं आणि चिमटीत घेतली. आवाज आला. खरोखर आवाज आला, खसखस असा, बारीक खड्याचा. त्यांचा चेहरा बघून मला कळलं.

"मावशी, डब्यात लिंबू आहे का?"

माझ्या डब्यातल्या लिंबाची फोड त्यांनी त्या पुडीवर पिळली. फसफसली. संगमरवराची पूड, म्हणजे चुनाच. कुंपण धरणारी टाकायच्या ऐवजी कुंपण तोडणारी टाकली होती. ज्या बाईनं अंगारासुद्धा घासल्याशिवाय लावला नाही, तिनं त्या एका दिवशी चमचा वापरला.

सुनीताला काहीच समजलं नव्हतं, पण ती रडायला लागली. "मॅडम, मी काय केलं?"

"तू काई नाई केलं वं. तू रांगोळी भरली. गिरणीत मी नेली."

"माझी नोकरी जाईल?"

"तुझी नाई जात," मॅडम म्हणाल्या. "जा, मोर काढ."

साहेब वाईट नव्हते. पण त्यांना तो कारखाना धरून ठेवायचा होता. ते म्हणाले, चार वड्या बदलून देऊ, दुसऱ्या कशाची वाच्यता नको. आणि कोणी विचारलंच तर एका मुलीच्या हातून झालं, तिला काढलं, विषय संपला.

"चार नाई साहेब. वळणाची पूर्ण खेप काढायला पाहिजे."

"अरे यार मॅडम, बाकीच्या तर धरून आहेत."

"धरून आहेत म्हणूनच भीती वाटून राहिली. निघालेल्या दिसतात तरी. ह्या एकदम जातील, आन मग लोखंड किती वेळ धरेल? आत गरम हवा आहे, कोळशाचं पीठ आहे. फाटलं की आगच बाहेर येते."

"तुम्ही हे तिथे बोलल्या तर ते आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आणि तुम्हाला मी ठेवू शकणार नाही. विचार करा."

त्यांनी विचार केला असेल, पण मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या नाक्यावर मला म्हणाल्या, "मावशी, नमुने तुम्ही घासले, तुम्ही चला." कापडी पिशवीत दोन वड्या, एक चांगली, एक ती. वीजकेंद्राच्या गावी, मौद्याला, जाणाऱ्या बसमध्ये पूर्ण रस्ताभर त्या पिशवी ह्या मांडीवरून त्या मांडीवर करत होत्या. मी म्हटलं, "घाबरल्या का?" म्हणाल्या, "हाव."

तिथला इंजिनिअर वयस्कर माणूस, कपाळाला आठ्या. मॅडमनं दोन्ही वड्या टेबलावर ठेवल्या आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. पुडीत चुना गेला. पूर्ण खेप तशी आहे. पाइप बंद करा.

"चुना कसा गेला?"

"मी टाकला. तोलताना चुकीचा डबा घेतला."

"डबा तिथे ठेवला कोणी?"

"फळी माझी आहे," मॅडम म्हणाल्या. त्यानं दुसरी वडी उचलून उलटून पाहिली. मग त्यानं फोन उचलला.

संध्याकाळपर्यंत बातमी साहेबांकडे पोचली होती. मॅडमची नोकरी गेली. सुनीताचं नाव निघालं नाही, कारण वीजकेंद्रात ते कोणाला माहीतच नव्हतं.

ज्या दिवशी तो पाइप उघडणार होते, त्या दिवशी मॅडम परत मौद्याला निघाल्या. मी सुट्टी टाकली. माणूस एकटं सोडायची वेळ नव्हती ती. दारावरच्या शिपायानं वही पुढे केली, "कोणत्या कंपनीकडून?" मॅडम म्हणाल्या, "कोणत्याच नाई." तो म्हणाला मग आत नाही सोडता येत. इंजिनिअरला फोन करावा लागला. शेवटी दोघींना पिवळ्या टोप्या मिळाल्या. मॅडमची मोठी होती, सारखी डोळ्यांवर यायची.

वळण उंचावर होतं, लोखंडी शिडीनं चढून जायचं. एक फिटर वड्या एकेक करून छिन्नीनं काढत होता. पस्तीशीचा असेल, मानेला मफलर. काही वड्या सहज निघत होत्या, काहींचा हातात भुगा होत होता. मॅडम त्याच्या बाजूला बसून प्रत्येक तुकडा हातात घेत होत्या. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथून त्या पहिल्या वड्या निघाल्या होत्या, तिथे लोखंड उघडं पडलं होतं. फिटरनं आत बल्ब सोडला आणि आम्हाला म्हणाला, "बाहेरून पाहा."

बाहेरून पाहिलं तर लोखंडातून उजेड येत होता. मोठं भोक नव्हतं पडलं. सुईच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके, टोचलेल्या कागदामागे दिवा धरल्यासारखे. फिटरनं अंगठ्यानं जरा दाबलं आणि अंगठा आत गेला.

तो अंगठा काढून बघत होता.

"ह्याच्याखाली कोणी येते का?" मॅडमनं विचारलं.

"कायले येईल?" मग जरा थांबला. "म्हणजे मी येतो. थंडीत इथी ऊब असते ना ताई, पाइप गरम राहते. डबा इथंच खातो आम्ही, मी आन दोघं जण." खाली बोट दाखवलं. खरंच, वळणाच्या बरोबर खाली एक लाकडी फळी दोन विटांवर ठेवलेली होती, बसायला. खांबाच्या खिळ्याला तीन डबे टांगलेले.

"रोज?"

"रोज म्हणजे, थंडीभर. आता बंद केलं तुम्ही, तर थंडगार पडलं आहे." आणि जरा कुरकुरल्यासारखं म्हणाला, "कोणाच्या तरी गलतीनं आमचं काम वाढलं."

"माझ्या," मॅडम म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्याला वाटलं गंमत करताहेत. मग वाटलं नाही. छिन्नी खाली ठेवली, टॉर्च उचलून त्यांच्यापुढे केला. म्हणाला, "टॉर्च धरता का इकडे? उजेड कमी पडून राहिला."

मॅडमनं टॉर्च घेतला.

उन्हं कलली तरी ते दोघं तिथंच. मला परतीची बस होती, घरी सून बाळंतीण. मी खाली उतरले आणि तिथून हाक मारली, "मॅडम, बस जाईल."

"तुम्ही व्हा पुढं मावशी. वरचं वळण राहिलं."

"ते तर वेगळ्या खेपेचं आहे ना?"

"हाव. तरी पाहून घेऊ."

मी चार पावलं चालत गेले आणि मागे वळून बघितलं. फिटर पुढे, मॅडम मागे, शिडीनं वर चढत होत्या. टोपी डोळ्यांवर आली होती आणि दोन्ही हात शिडीला असल्यामुळे ती मागे सारता येत नव्हती, म्हणून मान वर करून, नाकाखालून बघत, एकेक पायरी शोधत होत्या. तो वरून ओरडला, "ताई, हळू, तिसरी पायरी ढिल्ली आहे." ह्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या, पायानं तिला हलवून पाहिलं, परत हलवून पाहिलं, आणि खाली वाकून तिचा बोल्ट शोधायला लागल्या.